वाशिमला समुद्र नाही, खाडी नाही. मग दर जानेवारीत इथल्या तलावांवरची बदकं कशाला मोजायची?

पक्षीगणना म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठाणे खाडी येते. चिखलात उभे असलेले हजारो गुलाबी फ्लेमिंगो, मागे मुंबईच्या इमारती आणि खाली लाखभर लाइक्स. किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांचं हे कौतुक बरोबरच आहे. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं.

आता महाराष्ट्राच्या नकाशावर वाशिम शोधा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पश्चिम विदर्भात, तूर-सोयाबीनच्या मुलखात. इथे भरती नाही की ओहोटी नाही. जे पाणी आहे ते बहुतेक माणसानं अडवलेलं. एकबुर्जी, सोनल आणि अडाण हे तीन मध्यम प्रकल्प, आणि वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सहा तालुक्यांत पसरलेले शंभराहून जास्त लघुप्रकल्प, गावतलाव, पाझर तलाव.

पण हिवाळ्यात यातल्या एखाद्या तलावाच्या पाळीवर सकाळी जाऊन उभं राहा. पाण्यावर काळे ठिपके दिसतील. दुर्बिणीतून पाहिलं तर त्यातले काही ठिपके थेट मध्य आशियातून आलेले असतात.

ते किती आहेत हे कुणी मोजलं नाही, तर काय बिघडतं? त्याचीच ही गोष्ट.

आधी हे पाहुणे कोण ते बघू

उत्तरेत थंडी वाढली की तिथली तळी गोठतात. खाणं संपतं. मग सायबेरिया, मंगोलिया, तिबेट, लडाख अशा भागांतले पाणपक्षी दक्षिणेकडे निघतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या या पट्ट्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तरेतल्या आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा पट्टा ३० देशांतून जातो, आणि भारत त्याच्या मधोमध येतो. या मार्गानं ये-जा करणाऱ्या पाणपक्ष्यांच्या १८२ जाती आहेत.

विदर्भातल्या तलावांवर येणारी काही नावं तुमच्या ओळखीची असतील. संस्कृत काव्यात रात्रभर जोडीदारासाठी झुरणारा चक्रवाक, म्हणजे भगव्या रंगाचं ब्राह्मणी बदक. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक. लालसरी. डोळ्यावर पांढरी भुवई असलेलं भुवई बदक. आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस. हा गडी हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून जास्त उंचीवरून तो उडाल्याची नोंद आहे.

यांच्यासोबत इथले बारमाही रहिवासीही असतात. हळदी-कुंकू बदक, टिबुकली, पाणकावळे, बगळे, शेकाट्या, टिटवी. गणनेत यांनाही मोजतात. पाहुण्यांना मोजायचं आणि घरच्यांना सोडायचं, असा प्रकार नाही.

ही गणना सुरू कधी झाली

जगभरातली पाणपक्षी गणना १९६७ साली सुरू झाली. तिचाच भाग असलेली आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून होते. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था आणि आपल्या मुंबईची, १८८३ सालची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी म्हणजे बीएनएचएस, या दोघी मिळून भारतात तिचं काम बघतात.

मोजणारे मात्र मुख्यतः हौशी लोक असतात. शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, शेतकरी, वनरक्षक. पगार नाही, भत्ता नाही. दुर्बीण स्वतःची, पेट्रोल स्वतःचं.

आता प्रश्न येतो तारखेचा. जानेवारीच का?

कारण साधं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पक्षी येत असतात आणि मार्चपासून परतायला लागतात. म्हणजे तेव्हा ते प्रवासात असतात. आज कारंज्याजवळ दिसलेला थवा आठवड्यानं नांदेडकडे मोजला गेला, तर तेच पक्षी दोनदा हिशेबात येतात. जानेवारीच्या मध्यावर बहुतेक थवे आपापल्या जागी स्थिरावलेले असतात. त्यामुळे अनेक देशांत एकाच सुमारास मोजणी केली की दुहेरी नोंदीचा धोका बराच कमी होतो. पूर्वी जनगणनेत ठरावीक रात्री माणूस जिथे असेल तिथे त्याला मोजत, तसाच हा मामला.

खाडीत मोजणं आणि वाशिमला मोजणं यात फरक काय

खाडीत सगळा खेळ भरतीच्या वेळापत्रकाचा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाण्यासाठी कित्येक किलोमीटर पसरतात. तेव्हा मोजायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. भरती आली की चिखल बुडतो आणि तेच पक्षी जवळच्या उथळ तळ्यांत, मिठागरांत दाटीवाटीनं येऊन बसतात. म्हणून मोजणारे भरतीची वेळ गाठतात. नवी मुंबई आणि उरणमधल्या छोट्या पाणथळ जागा वाचवण्यासाठी लोक भांडतात त्याचं कारणही हेच. भरतीच्या त्या काही तासांत पक्ष्यांना बसायला दुसरी जागाच नसते.

वाशिमच्या तलावाला भरती-ओहोटी नाही. पण इथे कालव्याचं आवर्तन आहे, शेतकऱ्यांचे मोटारपंप आहेत, शहराची नळयोजना आहे. एकबुर्जीचं पाणी वाशिम शहर पितं. रब्बीत हरभरा आणि गव्हाला पाणी सुटलं की तलाव हळूहळू मागे सरकतो. खाडीत जे सहा तासांत होतं, ते इथे चार महिन्यांत होतं.

आणि पाणी जसं हलतं तसे पक्षीही बदलतात. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं खोल पाण्यात राहतात. थापट्या, तलवार बदक ही उथळ पाण्यात नुसती मान खाली घालून खाणारी मंडळी. तुतारी, शेकाट्या यांना पाणी सरकल्यावर उघडा पडलेला ओला चिखल लागतो. पट्टकादंब आणि चक्रवाक पाण्याच्या कडेच्या हिरवळीवर आणि शेतात चरतात. म्हणजे एका तलावाला चार वेगवेगळे दरवाजे आहेत, आणि कोणता दरवाजा किती उघडा आहे ते पाण्याच्या पातळीवर ठरतं.

त्यामुळे इथे मोजणी करताना पक्ष्यांइतकीच पाण्याची नोंद महत्त्वाची ठरते. तलाव भरलेला होता की अर्धा, कडा उघड्या होत्या का, गाळपेर झाली होती का, मासेमारीची जाळी होती का, हे लिहिलं नाही तर नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

पण हजार पक्षी मोजतात तरी कसे?

एक-एक करून. शंभरापर्यंत तरी तसंच. पुढे युक्ती वापरावी लागते.

समजा पाण्यावर मोठा थवा बसलाय. आधी त्यातले २० पक्षी नीट मोजायचे. ते २० पक्षी किती जागा व्यापतात ते नजरेत बसवायचं. मग तेवढे तुकडे संपूर्ण थव्यात किती बसतात ते बघायचं. असे ३० तुकडे निघाले तर थवा झाला साधारण ६०० पक्ष्यांचा. थवा फार मोठा असेल तर तुकडा ५० किंवा १०० चा घेतात. धान्याच्या राशीतून एक पायली मोजून पूर्ण राशीचा अंदाज बांधायचा, त्यातलाच हा प्रकार.

थवा मिश्र असेल तर? आधी एकूण आकडा काढायचा. मग थव्यातल्या दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरचे शंभर-शंभर पक्षी जातीनुसार मोजायचे. शंभरात ६० थापटे आणि ४० तलवार बदकं निघाली, तर ६०० मध्ये ३६० आणि २४० असा हिशेब धरायचा.

यात चुका होतात का? होतात. मोठा थवा पाहिला की नवखा माणूस बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा कमीच आकडा सांगतो. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे. फोटो काढून घरी निवांत मोजलं की आपली नजर किती चुकते तेही कळतं.

आणखी काही नियम आहेत, दिसायला किरकोळ पण कामाचे.

सूर्य पाठीशी ठेवायचा. समोर असेल तर सगळी बदकं काळीच दिसतात.

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. मागून उडून पुढे गेलेला थवा पुन्हा मोजायचा नाही.

थवा उडवायचा नाही. फोटोसाठी दगड मारणं तर सोडाच, जवळ जाणंही टाळायचं. हिवाळ्यात या पक्ष्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.

ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदक’ असं लिहायचं. ठोकून नाव द्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्षी दिसले नाहीत तर शून्य लिहायचं. ‘काहीच नव्हतं, म्हणून नोंद केली नाही’ असं केलं तर पुढे वाचणाऱ्याला कळत नाही की पक्षी नव्हते की मोजणारा गेलाच नव्हता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पक्षी कमी झाले म्हणजे संकट आलं का?

इथेच सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘यंदा तलावावर पक्षी निम्म्यावर’ अशी पोस्ट फिरते आणि खाली हळहळ सुरू होते.

जरा थांबा. समजा यंदा पाऊस जोरदार झाला. तलाव काठोकाठ भरला. उथळ कडा बुडाल्या, चिखल उघडा पडलाच नाही. शिवाय आजूबाजूच्या शंभर डबक्यांत, शेततळ्यांत, नाल्यांत पाणी आहे. मग पक्षी विखुरतात आणि मोठ्या तलावावरचा आकडा घसरतो. जिल्ह्यातले एकूण पक्षी कदाचित तेवढेच असतील.

याउलट दुष्काळी वर्षात लहान तलाव आटतात. उरलेल्या दोन-तीन पाण्यांवर सगळे गोळा होतात. तिथे गर्दी दिसते आणि बातमी येते, ‘यंदा पाहुण्यांची विक्रमी हजेरी’. प्रत्यक्षात ती नाइलाजानं झालेली गर्दी असते.

म्हणून एका तलावाचा, एका वर्षाचा आकडा फारसं काही सांगत नाही. त्याच जागा, तोच आठवडा, तीच पद्धत, आणि निदान दहा वर्षं. मग पावसाचे चढउतार बाजूला होतात आणि खरा कल दिसायला लागतो.

तो कल काळजीचा असू शकतो हेही खरं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. त्यातल्या १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं अहवाल सांगतो. छोटी लालसरी तर जागतिक पातळीवरच असुरक्षित जातींच्या यादीत आहे.

आता कायद्यातली मेख

वाशिमसारख्या जिल्ह्यात ही मोजणी का जास्त गरजेची आहे, ते इथे कळतं.

देशात पाणथळ जागा वाचवण्यासाठी २०१७ चे नियम आहेत. त्यात पाणथळ जागेची व्याख्या आहे. आणि त्याच व्याख्येत काही गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत. नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणुकीसाठी खास बांधलेल्या रचना.

आता वर दिलेली वाशिमची यादी पुन्हा वाचा. सिंचन प्रकल्प, पिण्याच्या पाण्याचे तलाव, लघुप्रकल्प. म्हणजे जिल्ह्यातली पक्ष्यांची बहुतेक मोठी ठिकाणं या नियमांच्या भाषेत पाणथळ जागाच नाहीत. पट्टकादंबाला हे कुणी सांगितलेलं नाही, तो उतरतोच.

पक्षी वाऱ्यावर सोडलेत असं मात्र नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना लागू आहे, शिकार हा गुन्हाच आहे. पण कायदा पक्ष्याला वाचवतो, त्याच्या पाण्याला नाही. उद्या एखाद्या तलावात बोटिंग सुरू करायचं ठरलं, पाण्यावर तरंगते सौर पॅनल टाकायचं ठरलं किंवा काठ सरळ कापून सुशोभीकरण करायचं ठरलं, तर ‘इथे पक्षी येतात’ या वाक्याला वजन नसतं. ‘गेली दहा वर्षं दर जानेवारीत इथे या जातीचे एवढे पक्षी मोजले गेले, आणि ते मुख्यतः या बाजूच्या उथळ पाण्यात असतात’, या वाक्याला असतं.

आणि यात शेतकरी विरुद्ध पक्षी असं भांडण लावायची गरज नाही. तलाव शेतीसाठी आणि पिण्यासाठी बांधलेत, ते त्यासाठीच राहणार. पण नोंद असली तर दोन्ही साधता येतं. समजा तलावातला गाळ काढायचा आहे. ते काम उन्हाळ्यात होतं, तेव्हा पाहुणे परत गेलेले असतात. प्रश्न एवढाच, की सगळीकडून खोल खणून काठ उभा करायचा की पक्ष्यांची आवडती बाजू उतरती ठेवायची. आवडती बाजू कोणती, हे मोजणाऱ्याच्या वहीत असतं.

आकड्यानं तलावाचं नशीब बदलतं का?

बदलतं. त्यासाठी नाशिककडे बघा.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सिंचनासाठी बांधला गेला. गाळ साचला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. १९८६ साली तिथे अभयारण्य झालं. आणि जानेवारी २०२० मध्ये तो महाराष्ट्रातला पहिला रामसर दर्जाचा पाणथळ प्रदेश म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी वाशिमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवरही त्या यादीत गेलं.

रामसर करार २ फेब्रुवारी १९७१ चा. त्यासाठी ठरवलेल्या निकषांपैकी दोन थेट मोजणीवर उभे आहेत. एक, त्या जागी नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी असावेत. दोन, एखाद्या जातीच्या किंवा तिच्या ठरावीक भागातल्या समूहाच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तिथे नियमित असावेत. म्हणजे त्या समूहात एकूण एक लाख पक्षी असतील तर हजार पक्ष्यांचा तलावही आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा ठरू शकतो. पण समूहात एकूण किती आहेत हे कळायला सगळ्या तलावांची मोजणी लागते. ज्या तलावावर दीडशेच पक्षी आहेत, त्याचीही.

वाशिमचा प्रत्येक तलाव रामसर होईल का? नाही. पण एकेका तलावावर दीडशे, दोनशे पक्षी असलेले शंभर तलाव एकत्र धरले तर तो आकडा कुठल्याही मोठ्या अभयारण्याच्या तोडीचा होऊ शकतो. तो दिसत नाही, कारण तो विखुरलेला आहे.

मोजणीचा आणखी एक उपयोग म्हणजे धोक्याची घंटा. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर बोट्युलिझम या विषबाधेनं १८,००० हून जास्त पक्षी मेले. जानेवारी २०२१ मध्ये हिमाचलच्या पोंग धरणावर बर्ड फ्लूनं हजारो पक्षी गेले, त्यात पट्टकादंब सगळ्यात जास्त होते. त्याच महिन्यात आपल्याकडे परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. तलावावर नेहमी किती पक्षी असतात हे ठाऊक असेल, तरच काहीतरी बिनसलंय हे वेळेत लक्षात येतं.

तुम्हाला मोजायचं असेल तर

महागडा कॅमेरा लागत नाही. साधी ८×४० ची दुर्बीण, वही आणि पेन पुरतं.

घराजवळचा एकच तलाव निवडा. नोव्हेंबरपासून दोन-तीन फेऱ्या मारा, म्हणजे नेहमीचे १५-२० पक्षी ओळखीचे होतील. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून तो ठरवला आहे. सुरुवातीला तो मुहूर्त चांगला.

जानेवारीच्या मध्यावर सकाळी लवकर जा. शक्यतो एखादा जाणकार सोबत घ्या. विदर्भातल्या बहुतेक शहरांत आता पक्षीमित्रांचे गट आहेत. तारीख, वेळ, तलावाचं नाव, पाण्याची स्थिती, जातीनुसार आकडे आणि दिसलेले धोके लिहा. ई-बर्ड या मोफत अ‍ॅपवर यादी भरता येते, म्हणजे नोंद वहीत पडून राहत नाही.

मेलेले किंवा लुळे पडलेले पक्षी दिसले तर हात लावू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि पुढच्या जानेवारीत त्याच तलावावर, त्याच आठवड्यात परत जा. पहिल्या वर्षीचा आकडा एकटाच असतो. दुसऱ्या वर्षी त्याला सोबत मिळते, आणि तिथून तो काहीतरी सांगायला लागतो.